दोन वाव दोर

"सोड की लिंबा! हाय अजून दोर, सोड!"

चोवीस वर्षं झाली त्या हाकेला. कड्याच्या पोटातून ती वर आली होती, धुरानं घोगरी झालेली, माश्यांच्या गुणगुणीत गुरफटलेली. हाक मारणारा राहिला नाही, हाक तेवढी राहिली. दोराला पीळ देताना यायची, भाकरी मोडताना यायची, भर बाजारात गिऱ्हाईक समोर उभं असताना यायची, आणि लिंबाजीच्या मुठी जागच्या जागी घट्ट व्हायच्या.

आत्ताही तेच झालं.

"आरं, देतोस का धरूनच बसतोस?" बंडप्पा म्हणाला. कासऱ्याचं एक टोक त्याच्या हातात होतं, दुसरं लिंबाजीच्या मुठीत.

"मोजू द्या की आप्पा, अजून एक डाव."

"दोनदा मोजलास. आता काय तलाठ्याला बोलावतोस मोजणीला?"

लिंबाजीनं दोन्ही हात फाकवले आणि दोर छातीवरून ताणला. या बोटापासून त्या बोटापर्यंत एक वाव. असे तीन भरले, वर वीतभर उरला, तेव्हा कुठं त्यानं मूठ सैल केली.

"तुझा दोर कदी कमी भरत न्हाई बघ," बंडप्पा म्हणाला. म्हणाला आणि ओशाळला. कासरा खांद्यावर टाकून मागं न बघता निघून गेला. भूमच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं, की ज्याच्या हातून सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याचा दोर सुटला, तोच हा दोरवाला लिंबाजी. पूर्वी लोक तोंडावर बोलायचे. आता बोलत नव्हते, फक्त असे मध्येच ओशाळायचे.

पालाखाली दावी होती, म्होरक्या होत्या, शिंकी टांगलेली होती, नायलॉनचे निळे-हिरवे गुंडे होते. लिंबाजीचं ध्यान मात्र मांडीखाली दाबून ठेवलेल्या मोबाइलवर. त्यात भाचीचा, शिवकन्येचा, निरोप होता, आवाजाचा. सकाळपासून सात वेळा ऐकून झाला होता. एक वाजून गेला होता. त्यानं आठव्यांदा कानाला लावला.

"मामा, काल मी कड्याच्या टोकापर्यंत गेले आणि माघारी फिरले. कमरेला पट्टा, डोक्याला टोपी, सगळं बांधलेलं. मागं दोर धरायला मार्टिन म्हणून माणूस आहे, वीस वर्षं हेच करतोय. पण मी मान वळवली ना, की मला तो दिसतच नाही. तुम्ही दिसता. मामा, रागावू नका. एवढ्या वर्षांत मी कधी विचारलं नाही. त्या दिवशी दोर कसा सुटला? हात घसरला, की माश्या डसल्या, की तुमचं लक्ष दुसरीकडं गेलं? एकदा सांगा. उद्या दहाला परत उतरायचंय. उतरायच्या आधी फोन करते. नाही जमलं तर आमच्या प्रमुख हेलनबाई म्हणतात, हरकत नाही, वरूनच मोजणी कर. पण मग मी जन्मभर वरूनच मोजत बसेन, मामा."

तिकडचे दहा म्हणजे इकडचे अडीच.

तिकडं म्हणजे विलायतेत, यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर. शिवकन्या पक्ष्यांच्या मागं लागून तिथवर पोचली होती. शाळेत असताना ओढ्याकाठच्या सुगरणींची घरटी मोजायची, आता समुद्राच्या कड्यावरची मोजते, असं लिंबाजी कुणी विचारलं तर सांगायचा. महिनाभर ती रोज काही ना काही धाडत होती. कडा खडूचा होता, शाळेतल्या खडूसारखा पांढराफेक, आणि आपल्या गावच्या पाण्याच्या टाक्या सहा-सात एकावर एक रचाव्यात एवढा उंच. खाली सगळा समुद्र. त्या कड्याच्या बोटभर कंगोऱ्यांवर येरमाळ्याच्या जत्रेत माणूस माणसाला खेटून उभं राहतं तसे पक्षी उभे. पाठ काळी, पोट पांढरं, नाव गिलेमॉट. ना घरटं, ना काडी. उघड्या दगडावर एकच अंडं, तेही एका अंगाला असं निमुळतं की सहसा घरंगळत नाही. आणि एकाची नक्षी दुसऱ्याला नाही. हजारांत आपलं अंडं आईला ओळखू येतं.

दुसरा पक्षी किटीवेक. तो भिंतीला चिखल-गवत लिंपून घरटं करतो आणि दिवसभर स्वतःचंच नाव ओरडतो. त्याच्या पिल्लांच्या पायात ओळखीची कडी घालायची, म्हणून शिवकन्येला दोरावरून खाली जायचं होतं.

एकदा तिनं जुना फोटो धाडला होता, शंभर वर्षांमागचा. "मामा, इथं पण आपल्यासारखी माणसं होती बघा! बापानं लेकाला शिकवायचं, दोरानं उतरून पक्ष्यांची अंडी गोळा करायची. एक जण खाली, तिघं वर. दोराला हिसके देऊन खुणा करायच्या. सत्तर वर्षांमागं कायदा आला, मग थांबलं." फोटो बघणारा कुणीही दोराला लोंबकळणाऱ्या माणसाकडं बघेल. लिंबाजीनं वर बसलेल्यांकडं बघितलं. टाचा मातीत रोवलेल्या, पाठ मागं कललेली, दोर कमरेवरून घेतलेला. तसंच बसायचं असतं. लिंबाजी तसाच बसला होता.

आणि एकदा ती हरखून म्हणाली होती, "गिलेमॉटचं पिल्लू तीन आठवड्यांचं झालं ना, की नीट पंख फुटायच्या आधीच कड्यावरून उडी टाकतं. बाप खाली पाण्यात जाऊन हाका मारतो. एवढ्या कालव्यातून पिल्लाला आपल्या बापाची हाक कळते, मामा!"

त्या दिवशी लिंबाजीनं पाल लवकर मोडलं होतं.

आपल्याकडचे कडे काळे. भूमच्या वरच्या अंगाला बालाघाटाची धार तुटते, तिथं कपारीला आग्या मोहोळं लागतात, परातीएवढी. लिंबाजीची वाडी त्या कड्याखालची. मध काढायची रीत अशी, की उतरणाऱ्याचा दोर मेव्हण्यानंच धरायचा. भावाच्या मनात वाटणी येऊ शकते. मेव्हण्याच्या हातात बहिणीचं कुंकू असतं, तो दोर सोडत नाही. लिंबाजीची अक्का, सारजाबाई, जात्यावर बसली की गायची,

कड्याच्या गं कपारीला मध पिकला घोसाघोसा
कंथ माझा दोरावरी, बंधवाचा भरवसा

दोर अंबाडीचा. त्या साली नवा वळला होता, वीस वाव. वरच्या टोकाला लाल चिंधी बांधलेली. सोडता सोडता चिंधी हाताशी आली, की समजायचं, दोर संपला. आणि घरात पाळणा बांधायचा तो मधाच्याच दोराचा. जो बापाला तोलतो तोच लेकराला तोलेल, म्हणून. पण तो झिजून उतरवलेल्या जुन्या दोराचा. नव्याला विळा लावायचा नाही.

शिवकन्येचं बारसं आलं, तेव्हा जुना दोर माळ्यावर उंदरांनी कुरतडून टाकला होता.

बारशानंतर चौथ्या दिवशी इंद्रजित, म्हणजे लिंबाजीचे दाजी, कड्यावरून उतरले. उतरण्याआधी दोर मोजायचा असतो, दर वेळी. लिंबाजीनं मोजला नाही. बारशाच्या आदल्या दिवशीच त्यानं मोजला होता, वीसच्या वीस भरला होता. कड्यावरच्या झाडाच्या बुंध्याला दोन वेढे देऊन तो सोडत गेला, चिंधीची वाट बघत. चिंधी आलीच नाही. नुसतं टोक आलं. खालून हाक आली, हाय अजून दोर, सोड. लिंबाजी ओरडला, "संपला दाजी, वर या!" दाजी हसले. त्यांना वाटलं, पोरगं भ्यालं. वीस वाव त्यांच्याही हिशेबात होते. पोळं हातभर खाली राहिलं होतं. तेवढ्यासाठी त्यांनी कमरेची गाठ सोडली आणि दोर हातानं धरला.

दोर हलका झाला आणि लिंबाजी पाठीवर पडला.

वर ओढला तेव्हा दोर धडधाकट होता. खालचं टोक गाठ सोडलेलं. वरचं टोक विळ्यानं कापलेलं, सरळ, ताजं. लिंबाजीला काही समजेना. सांजेला दाजींना वाडीत आणलं, रडारड उसळली, आणि त्या कालव्यात पाळण्यातलं पोर रडायला लागलं म्हणून तो झोका द्यायला गेला. पाळण्याच्या गाठीला लाल चिंधी होती.

त्यानं ती सोडली आणि कमरेला खोचली. बाहेर येऊन उभ्या वाडीला सांगितलं, "हात सुटला माझा."

अक्काचा नवरा गेला होता, तेवढं पुरे होतं. तिच्या हातानं गेला, हे वर कशाला? आणि पोर मोठी होऊन काय ऐकणार, की तुझ्या पाळण्यापायी? त्यानं आपल्या डोक्यावर घेतलं. लोक थुंकले. ठरलेली सोयरीक मोडली, पुन्हा जमली नाही. मध सुटला, वाडी सुटली, तो भूममध्ये येऊन दोर वळायला लागला. अक्का मात्र एका शब्दानं कधी बोलली नाही. भाऊबीजेला ओवाळायची, पण नजर दिव्यावर. लिंबाजीला वाटायचं, तोंड बघवत नाही तिला माझं. आणि ती ओवी तिनं पुन्हा कधी म्हटली नाही.

आता पोर विचारत होती. हात घसरला म्हणावं, तर तिच्या मनात जगातला प्रत्येक हात घसरणारा. आणि खरं सांगावं, तर अक्का मरते.

"लिंबा!"

त्यानं दचकून वर बघितलं. सारजाबाई उभी होती, पदरानं तोंड पुशीत. एस्टीतून उतरून तरातरा चालत आलेली. हातातल्या पिशवीत काही नव्हतं.

"फोन आला का?"

"अडीचला यील. बस. पाणी घे."

"पाणी नगं. सकाळधरनं घरात जीव लागंना. चुलीवर दूध उतू गेलं, मला वासच आला न्हाई." ती दाव्यांच्या ढिगावरच टेकली. "तिला म्हण, उतरू नगं."

"मी म्हनू?"

"तूच. माझं ऐकत न्हाई ती. म्हणती, आई तुला कळत न्हाई. दोराचं तुला कळतंय. मामानं नगं म्हटल्यावर ऐकंल."

लिंबाजीनं निरोप अक्काला ऐकवला नव्हता. ऐकवणारही नव्हता. तो म्हणाला, "तिकडचं येगळं असतंय अक्का. दोन-दोन दोर लावत्यात. एक सुटला तर दुसरा. लोखंडाच्या मेखा ठोकत्यात."

"सुटतोयच की पर! एक सुटला तर, म्हणालास न्हवं?"



"ओ दोरवाले," नागूबाई म्हणून एक म्हातारी वाकून शिंकं चाचपत होती, "ह्यात दुधाचं गाडगं ऱ्हाईल का? मांजरीला पोचतंय का न्हाई ते सांगा आधी."

"मांजर किती मोठी हाय त्याच्यावर हाय, आजी."

"माझ्या सुनंएवढी हाय, अन् तेवढीच चोरटी."

शेजारचा भाजीवाला खदखदून हसला. लिंबाजीही हसला, आणि हसता हसता त्यानं अक्काकडं बघितलं. ती हसत नव्हती. ती त्याच्या हातांकडं बघत होती. तो शिंक्याच्या दोऱ्या मोजत होता, एक डाव, दोन डाव.

"सगळंच दोनदा मोजतोस," ती हळू म्हणाली.

"सवय लागली."

म्हातारी शिंकं घेऊन गेली. दोन वाजले. सव्वादोन झाले. वारं सुटलं आणि पालाचं कापड फडफडायला लागलं. सारजाबाई नुसती ओठांनी काही पुटपुटत होती, देवाचं नाव असेल. मध्येच म्हणाली, "पोटात असल्यापासनं ती खाली बघत आलीय बघ. हिरीच्या काठावर जाऊन वाकायची. म्या किती डाव मारलं तिला त्याच्यापायी. मारलं, लिंबा. लेकराला."

"आईच्या हातचं मारणं ध्यानात ऱ्हात न्हाई."

"माझ्या ऱ्हातंय."

मोबाइल थरथरला.

पडद्यावर आधी नुसतं आभाळ दिसलं, मग शिवकन्येचं तोंड, वाऱ्यानं लाल झालेलं, डोक्यावर पिवळी टोपी. मागून असा कालवा की जणू सगळा बाजार तिकडंच भरलाय. "मामा! आई पण आहे? बरं झालं. ऐकू येतंय ना? हे किटीवेक ओरडतायत. थांबा, दाखवते."

चित्र फिरलं. पांढरी भिंत खाली गेली, गेली, आणि तळाशी निळं पाणी हललं. सारजाबाईनं डोळे गच्च मिटले.

"दिसलं? तिथं उजवीकडं, पंधरा मीटर फक्त. पिल्लं राखाडी आहेत, उंदराएवढी." पुन्हा तिचं तोंड आलं. ती हसत होती, पण लिंबाजीला ते हसू नव्हे हे कळत होतं. लहानपणी ताप अंगात असताना शाळेला जायचंच म्हणायची, तेव्हा असंच हसायची. "दहा मिनिटं आहेत. मामा, निरोप ऐकलात?"

"ऐकला."

"कसला निरोप?" सारजाबाईनं डोळे उघडले.

 वारं शिवकन्येच्या फोनवर घासत होतं. मग तिनं एका दमात म्हटलं, "आई, मी मामांना विचारलंय, बाबांचा दोर कसा सुटला. मला राग नाही कुणाचा. माझे पाय उचलत नाहीत गं. मागं कुणी दोर धरलाय, यावर विश्वासच बसत नाही."

सारजाबाई भावाकडं वळली. लिंबाजीनं मान खाली घातली. चोवीस वर्षं घोकलेलं वाक्य जिभेवर तयार होतं, तीनच शब्दांचं. त्यानं तोंड उघडलं. तेवढ्यात हाक आली, सोड की लिंबा, आणि पहिल्यांदाच त्याला वाटलं, की ती हाक दोरासाठी नाही.

"पोरी," तो म्हणाला, "म्या दोर सोडला न्हवता."

एवढंच. पुढचं त्याच्याच्यानं निघेना. पुढचं त्याचं नव्हतंच. हात मांडीवरच्या दाव्याला पीळ देत राहिले, उलटा पीळ, की दावं उकलायला लागलं.

"म्हणजे?" शिवकन्या म्हणाली. "मग तुटला का? मामा? मामा, बोला ना."

"तुटला न्हाई."

"मग?"

 मागं कुणीतरी इंग्रजीत तिला काही विचारलं, तिनं मान वळवून हात केला, थांबा. सारजाबाईनं हात पुढं केला. भावाच्या हातातला मोबाइल घेतला आणि दोन्ही तळव्यांत दिवा धरावा तसा धरला. या वेळी तिची नजर त्याच्यावर होती, सरळ.

"ऱ्हाऊ दे लिंबा. चिंधी अजून हाय का तुझ्यापाशी?"

लिंबाजीच्या हातातलं दावं गळून पडलं.

"गाठीची चिंधी तू सोडलीस, तवा म्या उंबऱ्याशी होते. सगळ्या बायकांत. कमरंला खोचलीस ते बघितलं." मग ती पडद्याकडं वळली.  "शिवकन्ये, ऐक. मामाच्या हातून दोर सुटला न्हाई. दोर कमी पडला. दोन वाव म्या कापला व्हता, नव्या दोराचा, तुझ्या पाळण्याला. कुणाला सांगितलं न्हाई. बारशाची गडबड, वाटलं, एवढ्या दोरात दोन वाव कुणाला कळत्यात. तू सोळा दिसांची, तुझा काय बी दोस न्हाई त्यात. इळा माझ्या हातात व्हता. मामाला त्याच सांजंला कळलं, अन् त्येनं माझ्यासाठी समदं आपल्या डोक्यावर घेतलं. अन् मला ठावं व्हतं त्येला कळलंय ते. तरी चोवीस वर्सं म्या त्येला लोकांचं ऐकू दिलं. भाऊबीजंला त्येच्या तोंडाकडं बघायची छाती झाली न्हाई माझी." तिनं श्वास घेतला. "तुझ्या मागं जो कोण बसलाय, त्येला एवढंच इचार, की आज दोर मोजला का. मोजला म्हणला, तर भार टाक त्येच्यावर, अन् उतर."